खिडकी क्रमांक तीन

ह्या कॉलेजला फाटक नाही.
पार्किंग आहे, गावातलं सगळ्यात मोठं,
आणि त्याला लागून मक्याचं शेत.
जानेवारीत तिथे नुसते खुंट,
बर्फातून वर आलेले,
चार दिवस दाढी न केलेल्या गालासारखे.

मी खिडकी क्रमांक तीन.
अकरा वर्षं झाली.
"तीन नंबरला विचारा" म्हणतात लोक,
मला चालतं.

साडेपाचला गाड्या येऊ लागतात.
होदान येते, अंगावर नर्सिंग होमचा गणवेश तसाच.
रक्त काढायला शिकते आहे ती.
सरावाला रबराचा हात मिळतो,
पण सवय लागली ती लागलीच:
पावती घेताना माझ्या मनगटाकडे बघते,
म्हणते, "शीर छान आहे तुमची."
माझं इतकं कौतुक
आयोवात आजवर कुणी केलं नव्हतं.

रोसाल्बा आणि तिचा एफ्राइन,
दोघांत मिळून एक गाडी.
तो वेल्डिंगच्या शेडमध्ये ठिणग्या उडवतो,
ती जमाखर्चाच्या वर्गात.
तिचा तास आधी सुटतो,
मग गाडीतला दिवा लावून
स्टिअरिंगवर वही टेकवून ताळेबंद जुळवत बसते.
एकदा सात सेंट जुळेनात म्हणून
दहा वाजून गेले तरी दिवा तसाच.
पोरगा शेजारच्या सीटवर झोपलेला.

दोन वर्षं इथे काढायची, मग विद्यापीठात,
असं ठरवून आलेली पोरंही असतात.
तिथे म्हणे ह्याच बीजगणिताला
चौपट पैसे पडतात.
क्ष मात्र तोच.

अर्ज दोन पानी.
सातव्या ओळीत विचारलंय:
येण्याचा हेतू.
पदवी. प्रमाणपत्र. विद्यापीठात बदली. इतर.
एकाच चौकोनात खूण करावी.

लायल ऑस्टरहाउस आला तो मंगळवार.
एकतीस वर्षं फ्रिजच्या कारखान्यात
दारांना रबर बसवत होता.
ह्या गावातलं दूध
त्याच्यामुळे नासलं नाही कधी.
कारखाना गेला, टाळं राहिलं.

अर्ज हातात धरून उभा, बराच वेळ.
मग म्हणाला, "चष्मा विसरलो घरी.
वाचून दाखवाल?"
चष्मा त्याच्या खिशात होता,
काडी बाहेर डोकावत होती.
मी वाचून दाखवलं.
सावकाश. सगळं. तळटिपासुद्धा.

हेतूपाशी थांबला.
मागे नऊजण रांगेत, बुटांखाली बर्फाचं पाणी.
"हे राहू दे," म्हणाला.
मशीन राहू देत नाही.
रिकामा चौकोन दिसला की अर्ज परत फेकतं.
तो गेल्यावर मीच खूण केली: इतर.
आणि तळघरातल्या खोलीचा नंबर
त्याच्या पावतीवर मोठ्या आकड्यांत लिहिला होता,
आकडे त्याला येत होते.

तळघरात काय शिकवतात
ते माहितीपत्रकात शेवटच्या पानावर आहे,
बारीक टाइपात.
ज्यांच्यासाठी आहे त्यांना वाचता येत नाही,
हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
मी दोनदा पत्र लिहिलं. असो.

मेमध्ये मका बोटभर वर आला.
लायल खिडकीशी आला, काम काही नव्हतं.
चष्मा डोळ्यांवर.
माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बघत राहिला,
ओठ हलत होते.
मग काचेवर बोट ठेवून,
कारखान्यात खोट दाखवावी तसं म्हणाला,
"इथे एक अक्षर कमी आहे."

अकरा वर्षं.
मी उठून, बाहेर येऊन,
त्याच्याशेजारी उभी राहून बघितलं.
होतं कमी.

"मी काय लिहिलं होतं त्या चौकोनात?"
त्याने विचारलं.
मी अर्ज काढून त्याच्या हातात दिला.
वाचू दे म्हटलं त्यालाच.
मागे रांग होती.
कुणी घाई केली नाही.